फायरमन म्हणून रुजू होतोय. पहिल्या वर्षात सीनिअर लोक नेमकं काय बघतात?

बिबवेवाडीकर

नमस्कार मंडळी. कालिन्याला राज्य अग्निशमन केंद्राचा ६ महिन्यांचा अग्निशामक कोर्स केला. मग पुण्यात भरती निघाली. लेखी झाली, मैदानी झाली, कागदपत्रं तपासून झाली आणि आता रुजू व्हायचं पत्र हातात आहे. सुरुवातीचा काळ अर्थातच परिवीक्षेचा.

आमच्या घरात या लाइनमधलं कुणी नाही. वडील मार्केट यार्डात हमाली करतात. आई खूश आहे, पण टीव्हीवर आगीची बातमी लागली की चॅनेल बदलते.

कोर्समध्ये होज (पाणी मारायचा पाइप) ड्रिल, लॅडर ड्रिल, पंप, गाठी, फायरमन्स लिफ्ट, सगळं करून घेतलं. मैदानावर मला ते येतं. पण मैदानावर जिना अरुंद नसतो, वरून बायका-पोरं ओरडत नसतात, आणि पुढचा हुकूम कोणता येणार हे आधीच ठाऊक असतं. केंद्रावर गेल्यावर पहिल्या काही महिन्यांत नवीन मुलाकडून काय अपेक्षा असते? कशाची तयारी करून जाऊ? 'कोर्स करून आलाय पण कामाचा नाही' असं माझ्याबद्दल कुणी म्हणू नये, एवढीच इच्छा आहे. जे या खात्यात आहेत किंवा होते त्यांनी कृपया मनापासून सांगा.

होजरील

अभिनंदन भावा. मी सध्या सेवेत आहे, शहराच्या पूर्व भागातल्या एका केंद्रावर. थोडक्यात सांगतो, कारण ड्युटीवर निघालोय.

जिममध्ये छाती-दंड मारत असशील तर ते निम्म्यावर आण आणि जिने चढ. पर्वती तुझ्या घरापासून लांब नाही. १०३ पायऱ्या आहेत. पाठीवर १५ किलोची सॅक घेऊन न थांबता वर जा, खाली ये, परत जा. आग लागल्यावर लिफ्टच्या भरवशावर राहता येत नाही आणि आपल्या अंगावर कोट, बूट, हेल्मेट, बी.ए. सेट (श्वासासाठी पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मास्क) असतो. दम टिकला पाहिजे.

दुसरं, पोहणं. कोर्सपुरतं येतं म्हणू नकोस. विसर्जनाला घाटावर ड्युटी लागते, पावसाळ्यात नदीकाठी लागते. रोज तलावावर जा.

तिसरं, पुण्यात दल एकच नाही. महापालिकेचं वेगळं, पिंपरी-चिंचवडचं वेगळं, पीएमआरडीएचं (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचं) वेगळं, कॅन्टोन्मेंटची वेगळी. मोठ्या वर्दीला, म्हणजे मदतीच्या कॉलला, सगळ्यांच्या गाड्या येतात. कुणाच्या हद्दीत काय आहे, एवढं नकाशा घेऊन बघून ठेव.

बाकी काका लिहितीलच. @निवृत्त_तांडेल, या धाग्यावर या.

निवृत्त_तांडेल

आलो.

बिबवेवाडीकर, बाळा, मनापासून अभिनंदन. माझी नोकरी सगळी पुण्यात झाली, त्यातली निम्म्याहून जास्त पेठांमध्ये. बरीच नवीन मुलं हाताखालून गेली, त्यातली काही आज सब ऑफिसर आहेत. तू मनापासून विचारलंयस, म्हणून सविस्तर लिहितो.

आगीत पहिला कोण घुसला यावरून नवीन मुलाची किंमत कुणी करत नाही. आम्ही एकच बघतो. याला जिथं उभं केलं, तिथं हा नंतर सापडतो का?

रविवार पेठेत एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कापडाच्या गोदामाला आग होती. जिना असा की दोन माणसं शेजारून जाणार नाहीत. आमच्यातला सगळ्यात नवा मुलगा दुसऱ्या वळणावर बसवला आणि त्याला एवढंच सांगितलं, 'इथं होजला पीळ बसू द्यायचा नाही.' वरून रहिवासी उतरतायत, आमची माणसं वर-खाली करतायत, धूर जिन्यात उतरतोय, आणि हा गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी वळणावरचा होज गोल धरून आहे. कुणाचा पाय पडला की लगेच सरळ करतोय. वर ब्रांच, म्हणजे होजच्या टोकाची पाणी मारायची नळी, धरणाऱ्या दोघांचं पाणी शेवटपर्यंत तुटलं नाही. त्या वळणावर होज मोडला असता तर दाब गेला असता, आणि ते दोघं पेटलेल्या खोलीत बिनपाण्याचे उभे राहिले असते. त्या रात्रीनंतर त्या मुलाबद्दल मला कुणाला विचारावं लागलं नाही. असं काम बातमीत येत नाही. आमच्या नजरेत मात्र तेच येतं.

आता रोजचं. हजेरी झाली की गाडी तपासायची असते. नवीन मुलं ही तपासणी उरकतात, तू उरकू नकोस. कोणत्या कप्प्यात काय आहे, ते डोळे मिटून हाताला लागलं पाहिजे. मी मुलांना रात्री दिवे बंद करून सांगायचो, डिव्हायडिंग ब्रीचिंग आण, कॉलेक्टिंग हेड आण, होज क्लॅम्प आण. काहींना राग यायचा. पण रात्री दोनला, पावसात, ड्रायव्हर पंपावर ओरडत असताना शोधाशोध करायला वेळ नसतो. फीमेल कपलिंगच्या, म्हणजे दुसऱ्या होजचं मेल टोक जिच्यात बसतं त्या जोडणीच्या, आत रबरी वॉशर असतो. प्रत्येक होजचा वॉशर बोट फिरवून बघ. तो सुटलेला किंवा चिरलेला असेल तर जोडातून फवारा उडतो, दाब पडतो, आणि सगळं बिघडल्यावर कळतं की पाच रुपयांच्या रबरानं घात केला.

कपलिंगचा विषय निघालाच आहे तर हे नीट वाच, जमलं तर आजच होज हातात घेऊन करून बघ. आपल्याकडे होजचं मेल टोक पंपात जातं आणि फीमेल टोक ब्रांचकडे असतं. म्हणजे दोन होज जिथं जोडलेले असतात तिथं फीमेल बाजूचा होज गाडीकडून आलेला असतो. फीमेल कपलिंगला ओढून सोडवायचे कान असतात. धुरात काही दिसत नाही, दिशा गेली, साथीदाराचा आवाज येईना, तर खाली बसायचं, होज सापडेपर्यंत जमीन चाचपायची, मग होज धरून जोड सापडेपर्यंत सरकायचं. कान ज्या बाजूच्या होजला लागतील, त्या बाजूनं गाडी, म्हणजे बाहेरचा रस्ता. उलट दिशेला गेलास तर आगीकडे जाशील. हातमोजा घालून, डोळ्यांवर फडकं बांधून याचा सराव कर. बोटांना आपोआप कळलं पाहिजे. तिथं आठवायला वेळ मिळत नाही.

धुरात चालतानाही पाय टाकायचा नाही, सरकवायचा. वजन मागच्या पायावर, पुढचा पाय जमीन चाचपतोय. एक हात भिंतीला, आणि दुसरा हात तोंडासमोर, तळवा स्वतःकडे करून. पुढं लोंबकळणारी वायर असेल आणि तळव्यानं लागली तर बोटं आवळली जातात, सुटत नाहीत. हाताच्या पाठीला लागली तर हात मागं झटकला जातो. दारही हाताच्या पाठीनं खालून वर तपासायचं. ज्या भिंतीला हात लावून आत गेलास तीच भिंत धरून फिरायचं आणि तीच धरून बाहेर. आणि एकट्यानं आत जायचं नाही. कधीच नाही. आतून तुझ्या आईचा आवाज आला तरी नाही.

पाण्याचं वजन पोरांच्या लक्षात येत नाही. ६३ मि.मी.चा १५ मीटरचा होज भरला की त्यात जवळजवळ ४७ लिटर पाणी असतं. दोन होज जिन्यावरून वर न्यायचेत तर आधी रिकामे न्यायचे, वर दोन-तीन वेटोळी मोकळी ठेवायची आणि मगच पाणी मागायचं. भरलेला होज जिन्यावरून ओढताना मी धडधाकट माणसं रडकुंडीला आलेली बघितलीयत. ब्रांचही हळूहळू उघडायची. २० मि.मी.चं नोझल, ७ बार दाब, म्हणजे मागं ढकलणारा जोर साधारण ४५ किलोचा. एकट्यानं मर्दानगी दाखवायची ती जागा नव्हे. आणि उंचीचा हिशेब तोंडपाठ ठेव, दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब जातो. दहाव्या मजल्यावर पाणी हवं असेल तर नुसत्या उंचीसाठी ३ बार गेले, होजच्या घर्षणाचे वेगळे. पंपावर उभं केलं की हे कामी येतं.

पाणी मारण्याआधी विचारायची सवय लाव. वीज तोडली का? महावितरणचा माणूस आला का? जिन्यात पाइप गॅसचा व्हॉल्व्ह कुठं आहे? सिलिंडरला पेट असेल आणि गॅस बंद करता येत नसेल, तर ज्योत विझवायची घाई करायची नाही. ज्योत विझली आणि गॅस सुटत राहिला तर तो हवेपेक्षा जड, खाली साचतो, मोरीत उतरतो, आणि दुसरीकडे ठिणगी लागली की सगळी खोली जाते. सिलिंडर लांबून, आडोशानं थंड करत राहायचं आणि हुकुमाची वाट बघायची.

वाड्यांबद्दल वेगळं सांगतो, कारण हे कालिन्याला कुणी सांगणार नाही. आपल्या पेठांमधले जुने वाडे म्हणजे लाकडी खांब, कडीपाट (लाकडी कड्या-फळ्यांचं छत), वर मातीचा थर. आपण पाणी मारतो ते ती माती पिते आणि वजन वाढत जातं, खालची तुळई तर आधीच जळालेली. आग विझली म्हणून निवांत खाली उभं राहायचं नाही. जमिनीवर चालायचंच असेल तर भिंतीच्या कडेनं, मध्यातून नाही. आणि वरून माती भुरभुरायला लागली की बाहेर. सामान आत राहिलं तर राहू दे.

ड्युटी नसेल त्या दिवशी आपली हद्द पायी फीर. बोहरी आळी, तुळशीबाग, टिंबर मार्केट, पर्वतीखालची जनता वसाहत. मोठी गाडी कुठपर्यंत जाते, पुढं किती होज लागतील, टँकर कुठं भरतो, कुठल्या बोळाच्या तोंडाशी कायम टेम्पो उभा असतो. पत्ता ऐकल्याबरोबर ज्याच्या डोळ्यासमोर रस्ता येतो, असा मुलगा सगळ्या गाडीला हवा असतो.

आणि आगीच्या वर्द्यांपेक्षा बाकीच्याच जास्त असतात. झाड पडलं, लहान मूल आतून कडी लावून बसलं, लिफ्ट अडकली, मांजात घार अडकली. पक्ष्याच्या वर्दीला हसणारा मुलगा मला आवडायचा नाही. त्यातही शिडी असते, उंची असते, शेजारी विजेच्या तारा असतात, आणि खाली शंभर माणसं वर बघत असतात. २०१९ च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याच्या पुरानं काय केलं ते तू पाहिलं असशील. २०२४ च्या जुलैत सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. अशा वेळी आजीला पाठीवर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून बोटीपर्यंत आणायचं, तिची औषधाची पिशवी तिच्या हातात राहील हे बघायचं, हेही आपलंच काम.

मोबाइल गाडीत ठेवायचा. घटनास्थळी व्हिडिओ काढणारा नवीन मुलगा दिसला की माझं डोकं उठायचं. कुणाचं तरी घर जळत असतं तिथं.

आईला सांग, १४ एप्रिलला केंद्रावर ये म्हणून. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टायकिन जहाजाचा स्फोट झाला, ६६ अग्निशामक गेले. त्यांच्या स्मरणार्थ आपण तो दिवस आणि पुढचा आठवडा पाळतो, प्रात्यक्षिकं होतात. तुझ्याबरोबर कोण कोण असतं, गाडीवर काय काय असतं, हे तिला स्वतः बघू दे. माझ्या घरच्यांची भीती गेली नाही, पण माणसं ओळखीची झाल्यावर रात्री झोप लागायला लागली.

बिबवेवाडीकर

काका, खूप खूप आभार. कपलिंगच्या कानांचं आम्हाला एकदा सांगितलं होतं पण ते असं डोक्यात बसलं नव्हतं.

एक विचारू का? बी.ए. सेट घालून स्मोक चेंबरमध्ये गेलो की मला श्वास पुरत नाहीसा वाटायचा. मास्क काढून टाकावासा वाटायचा. काढला नाही, पण बॅचमध्ये माझीच हवा सगळ्यात आधी संपायची. हे केंद्रावर सांगायचं की नाही? सांगितलं तर घाबरट म्हणतील का?

निवृत्त_तांडेल

पहिल्याच दिवशी सांग. सीनिअरला माहीत असेल तर तो तुझ्या हवेचा हिशेब तुझ्यावरून धरेल, दुसऱ्यावरून नाही. तू लपवलंस तर तुझ्याबरोबर आत गेलेल्या माणसाचा जीव धोक्यात.

हिशेब बघ. ६ लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरलेला, म्हणजे १८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरले तर ४५ मिनिटं. त्यातली १० मिनिटं राखीव, म्हणजे कामाला ३५. पण हे कागदावर. जिना चढून, माणूस ओढत, घाबरून श्वास घेणारा मिनिटाला ८० लिटरही ओढतो, मग ३५ ची निम्मी मिनिटंही हातात राहत नाहीत. ५५ बारच्या आसपास शिट्टी वाजते. शिट्टी वाजल्यावर निघायचं असं पुष्कळ जण समजतात, ते चूक. शिट्टी वाजेपर्यंत बाहेर आलेलं असायला हवं. आत जायला जेवढी हवा लागली तेवढी परतीला लागणारच, म्हणून गेज बघत राहायचं आणि साथीदारालाही आकडा सांगायचा.

सवय लागते, त्याची काळजी करू नकोस. केंद्रावर रिकामा वेळ मिळाला की परवानगी घेऊन मास्क लाव आणि साधी कामं कर. होज गुंडाळ, गाडी पूस, जिना चढ. श्वास सोडताना जरा लांबवायचा, घेताना ओरबाडायचा नाही. काही आठवड्यांत फरक पडतो. आणि दाढी ठेवली असशील तर काढ. मास्कची रबरी कड कातडीला चिकटायला हवी. मध्ये केस आले की फट राहते, हवा वाया जाते आणि धूर शिरू शकतो. गुळगुळीत दाढी, रोज, ड्युटीला यायच्या आधी.

सुरुवातीला तुला कदाचित बाहेर बी.ए. कंट्रोलला उभं करतील, म्हणजे कोण आत गेलं, किती वाजता, किती बार होते, कधी बाहेर यायला हवं हे लिहायचं. 'मला लिहायला बसवलं' असं मनात आणू नकोस. आतल्या माणसांची वेळ फक्त त्या फळीवर असते.

कॅज्युअल्टी_सिस्टर

मी एका मोठ्या रुग्णालयात अपघात विभागात आहे. तुमचे जवान पेशंट घेऊन येतात तेव्हा आम्हाला काय हवं असतं ते सांगते, कारण हे नवीन मुलांना कुणी सांगत नाही.

माणूस बंद खोलीत सापडला की उघड्यावर, बेशुद्ध होता का, साधारण किती वेळ धुरात होता. या तीन गोष्टी आम्हाला फक्त तुम्हीच सांगू शकता. पेशंट बोलतोय, चालतोय म्हणून 'ठीक आहे' म्हणू नका. आवाज घोगरा झालाय, नाकातले केस जळलेत, थुंकीत काजळी आहे, तर आतून श्वासनलिका भाजलेली असू शकते आणि सूज थोड्या वेळानं येते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसलं तरी विश्वास ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइड रक्तात गेला असेल तर ते यंत्र फसतं.

भाजलेल्या भागावर नळाचं साधं वाहतं पाणी, शक्यतो २० मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही. बांगड्या आणि अंगठ्या लगेच काढा, सूज आल्यावर कापाव्या लागतात. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका. आणि सीपीआर खरंच येऊ द्या. मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सें.मी. खोल. मोठ्या माणसाच्या छातीवर एवढा दाब द्यायला किती जोर लागतो हे पुतळ्यावर केल्याशिवाय कळत नाही.

धायरी_फाटा

या धाग्यावरच विचारतो. माझा धाकटा भाऊ दहावी झालाय, त्याला यात जायचंय. एका खासगी संस्थेनं 'फायर अँड सेफ्टी डिप्लोमा' करा, १००% सरकारी नोकरी म्हणून बरीच फी सांगितलीय. भरावी का?

होजरील

आत्ता भरू नका. आधी पालिकेच्या जुन्या भरतीच्या जाहिराती काढून वाचा. फायरमनसाठी त्यात दहावी आणि राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा ६ महिन्यांचा कोर्स असं स्पष्ट लिहिलेलं असतं. खासगी डिप्लोमा कंपनीत सेफ्टीच्या कामाला उपयोगी पडत असेल, पण या अटीत तो बसतो का ते अक्षर न् अक्षर वाचून बघा. १००% नोकरीची हमी कुणीच देऊ शकत नाही.

मापंही घरीच घेऊन ठेवा. उंची १६५ सें.मी., वजन ५० किलो, छाती ८१ आणि फुगवून ५ जास्त, असं साधारण असतं, तरी त्या त्या वेळची जाहिरात बघा. एमएस-सीआयटी झालं नसेल तर ते करून घ्या, त्यात वेळ वाया जात नाही. आणि संस्थेनं मूळ प्रमाणपत्रं जमा करायला सांगितली तर देऊ नका, झेरॉक्स द्या.